हात पुढे आला तेव्हा घड्याळ कोणाचं चालू होतं?

प्रश्न : पत्रलेखक २० वर्षांचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी पाच एकर कोरडवाहू. सोयाबीन, कापूस, तूर. बुद्धिबळ गावातल्याच एका निवृत्त गुरुजींनी शिकवलं. दिवाळीनंतर सोयाबीनच्या पैशातून एन्ट्री फी भरून तो नागपूरच्या एका रेटिंग स्पर्धेला गेला. सहाव्या फेरीत त्याची गाठ २०४७ रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाच्या ताकदीचा अंदाज देणारा आकडा) खेळाडूशी पडली. याचं रेटिंग १६५२. ३८व्या चालीला समोरच्यानं बरोबरीचा प्रस्ताव ठेवला आणि यानं लगेच हात मिळवला. दोघांना अर्धा-अर्धा गुण. दोघांकडे एकेक हत्ती, याची चार प्यादी, त्याची तीन. घड्याळात याची २१ मिनिटं शिल्लक, त्याची ६. उठताना समोरच्यानं पाठीवर थाप मारून ‘चांगला खेळतोस’ म्हटलं, ते याला दया दाखवल्यासारखं वाटलं. परतताना गाडीत मोबाइलवर डाव घालून पाहिला, तर इंजिननं, म्हणजे बुद्धिबळाच्या चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅमनं, याच्या बाजूनं पावणेतीन प्याद्यांची आघाडी दाखवली. गुरुजी म्हणाले, ‘काऊन रे पोट्ट्या, भेला का? त्यानं टाकलेला तुकडा उचलून आला.’ मित्रांनी मात्र एसटी थांब्यावर फ्लेक्स लावला आहे, ‘नागपूरच्या दिग्गजाला मात!’ २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सरपंचांच्या हातून सत्कार ठरला आहे. आपण जिंकलो नाही हे त्यानं अजून कुणालाच नीट सांगितलेलं नाही. तो विचारतो : हा अर्धा गुण माझा, की मला दिलेला? गावाला काय सांगू? आणि पहिल्याच मोठ्या रेटिंगच्या खेळाडूसमोर असं होत असेल, तर घरचा पैसा खर्चून पुढे खेळावं का, की सगळं सोडून पोलीस भरतीच्या तयारीला लागावं?

उत्तर :

प्रिय मित्रा,

पत्रासोबत तू स्कोअरशीटचा, म्हणजे डावाच्या चाली लिहिलेल्या कागदाचा, फोटो पाठवलास हे फार बरं केलंस. दोन संध्याकाळी पट मांडून तुझा डाव खेळून पाहिला. त्याबद्दल पुढे लिहीनच. आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे वळते, कारण झोप त्यानंच उडवली आहे.

तू लिहितोस, ‘त्यानं मला बरोबरी दिली.’ पत्रात हे वाक्य चार वेळा आलं आहे, आणि चारही वेळा देणारा तो आहे, घेणारा तू. आता त्याच्या खुर्चीवर बसून बघ. २०४७चा खेळाडू १६५२च्या खेळाडूशी बरोबरी करतो तेव्हा त्याला काय पडतं? फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या तक्त्यात ३९५ गुणांच्या फरकाला वरच्याकडून ०.९२ आणि खालच्याकडून ०.०८ गुणांची अपेक्षा धरलेली असते. म्हणजे तो आला होता ९२ पैसे घेऊन जायला आणि उठला ५० घेऊन. त्याचा गुणक (अपेक्षेतल्या फरकाला ज्यानं गुणून रेटिंग बदलतं तो आकडा) २० असेल, तर ८.४ रेटिंग गुण गेले. वर स्पर्धेतला अर्धा गुण गेला, आणि सहाव्या फेरीत अर्धा गुण गेला की बक्षिसाच्या यादीतली जागा हलते. इतकं मोजून कुणी तुकडा टाकत नाही. त्यानं बरोबरी मागितली, कारण एक प्यादं कमी होतं, घड्याळात सहा मिनिटं होती आणि समोरचा पोरगा चुकत नव्हता. माणूस हरण्याच्या भीतीनं बरोबरी मागतो. तुझ्या डोक्यात ती भीती फक्त तुझ्या बाजूला उरली आहे. पटावर ती त्याच्या बाजूलाही होती.

आणखी एक गोष्ट तू बघितली नाहीस. स्विस पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्या फेरीला यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो. तेव्हा १६५२समोर २०४७ बसला, तर त्यात काही विशेष नसतं. पण सहाव्या फेरीपर्यंत गुण सारखे किंवा जवळचे असलेल्यांच्या जोड्या लागतात. तो तुझ्यासमोर आला, कारण पाच फेऱ्यांनंतर तुम्ही दोघे एकाच किंवा अगदी जवळच्या गुणांवर उभे होता. त्या टेबलापर्यंत तुला कुणी उचलून नेलं नव्हतं.

रेटिंग म्हणजे माणसाचा दर्जा, असं तू धरून चालला आहेस. तू विज्ञानाचा विद्यार्थी आहेस, म्हणून सांगते. ही पद्धत बसवली अर्पाद एलो यांनी. जन्म हंगेरीतला, अमेरिकेत मिलवॉकीला ते भौतिकशास्त्र शिकवत. फिडेनं ती १९७० मध्ये स्वीकारली. रेटिंग हा फक्त अंदाज आहे : या दोघांनी शंभर डाव खेळले, तर गुण कसे वाटले जातील? तुझ्या वाट्याला ८. ते ८ गुण म्हणजे आठ विजय, किंवा सोळा बरोबऱ्या, किंवा दोन्हींची सरमिसळ. हे शंभरातले डाव कधीतरी खेळले जाणारच असतात. तुझा त्यातला एक त्या रविवारी खेळला गेला.

शिवाय अंदाज ताजा लागतो. नागपूर-पुण्याचा खेळाडू वर्षाला पंधरा-वीस स्पर्धा खेळत असेल. तू दोन वर्षांत किती खेळलास? पत्रावरून तीन. रेटिंग फक्त रेटेड डावांतूनच हलतं. तू रात्री गुरुजींच्या ओसरीवर कितीही सुधारलास तरी यादीत तो आकडा जिथं होता तिथंच बसून राहतो. खालच्या पायरीवरच्या खेळाडूंचे आकडे त्यांच्या खेळापेक्षा मागे पडतात हे फिडेलाही दिसलं होतं. मार्च २०२४ मध्ये त्यांनी २०००च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एकदाच वर उचललं आणि खालची मर्यादा १४०० केली. खेड्यातून खेळणाऱ्या बहुतेक पोरापोरींचा आकडा जुना असतो. वरच्या रेटिंगचे अनुभवी खेळाडू हे चांगलं ओळखून असतात. तालुक्याच्या गावाचं नाव दिसलं की ते जपून खेळतात.

हे सगळं मी तुझ्या बाजूनं बोलले. आता गुरुजींच्या बाजूनं बोलते.

‘भेला का’ हा प्रश्न त्यांनी अगदी योग्य विचारला. ‘तुकडा’ हा शब्द चुकीचा होता, प्रश्न चुकीचा नव्हता. तू लिहिलंस, ‘त्यानं हात पुढे केला आणि मी लगेच मिळवला.’ लगेच म्हणजे किती? पाच सेकंद? दहा? बरोबरीचा प्रस्ताव कसा ठेवायचा याचा नियम आहे. आधी पटावर आपली चाल करायची, मग प्रस्ताव ठेवायचा, मग आपलं घड्याळ दाबायचं. म्हणजे प्रस्ताव तुझ्या कानावर आला आणि घड्याळ तुझं चालू झालं. ती २१ मिनिटं तुझी होती. मागितलेली बरोबरी त्याला परत घेता येत नाही. तू तोंडी नकार देईपर्यंत किंवा चाल करण्यासाठी मोहऱ्याला हात लावेपर्यंत ती उभी राहते. तू दहा मिनिटं पटाकडे बघत बसला असतास आणि अकराव्या मिनिटाला हात पुढे केला असतास, तरी तोच अर्धा गुण मिळाला असता. फरक एवढाच, की आज रात्री तू जागा नसतास, कारण आपण का थांबलो हे तुला माहीत असतं.

मला टोचलं ते हे. बरोबरी घेण्यात काही गैर नाही. तू ती न मोजता घेतलीस, एवढंच.

पण ‘भ्यालो’ हा शब्दही मी पूर्ण खरा मानत नाही. तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, कंसात, अगदी सहज एक वाक्य आहे : ‘तसंही पावणेपाचच्या गाडीनं निघालो नसतो, तर यवतमाळला गावची मुक्कामी गाडी सापडली नसती.’ डाव सुटला तेव्हा किती वाजले होते? तूच लिहिलंस, चार वाजून दहा मिनिटं.

इथं मला माझी गोष्ट सांगावी लागते. मी १९ वर्षांची असताना अकोल्याच्या एका स्पर्धेत शेवटच्या फेरीला माझ्यापेक्षा बऱ्याच वरच्या खेळाडूविरुद्ध माझ्याकडे एक घोडा जास्त होता. बरोबर धाकटा भाऊ होता, बारा वर्षांचा. अंजनगावची शेवटची गाडी सातची. साडेसहाला मी स्वतःहून बरोबरी मागितली. समोरच्यानं माझ्याकडे दोन क्षण पाहिलं आणि हात पुढे केला. त्याला गाडीचं काहीच माहीत नव्हतं. मी पळत स्टँडवर गेले. त्यानंतर कित्येक वर्षं तो डाव आठवला की मी स्वतःला भित्री म्हणत आले. एसटीचं वेळापत्रक मी कधी हिशेबात धरलंच नाही. पुढे मी पंच म्हणून स्पर्धांना जाऊ लागले, तेव्हा डोळे उघडले. रविवारी दुपारी चारनंतर कोणत्या टेबलांवर भराभर हात मिळतात ते बघत जा. वाशीम, गडचिरोली, बुलडाण्याच्या आतल्या गावांतली पोरं. ज्यांचं घर पंधरा मिनिटांवर आहे ते शेवटच्या प्याद्यापर्यंत खेळतात. हा खेळातला फरक नाही, आणि धैर्यातला तर नाहीच नाही.

म्हणून त्या पाच सेकंदांत तुझ्या मनात काय काय होतं ते वहीत लिहून काढ. समोरचा आकडा होता. गाडी होती. घरी वेचणी चालू होती आणि आईवडील दोघंच वावरात होते, हेही तू लिहिलंस. एन्ट्री फीच्या बदल्यात काहीतरी हातात घेऊन जायचं होतं. यातलं ‘भीती’ नेमकं किती ते तुझं तू ठरव. गुरुजींनाही ते लिहिलेलं दाखव.

आता इंजिन. पावणेतीनचा आकडा पाहून तुझ्या पोटात खड्डा पडला असणार. पण तो आकडा काय सांगतो ते समजून घे. इथून पुढे दोन्ही बाजूंनी यंत्रासारख्या चाली झाल्या, तर पांढऱ्याचं, म्हणजे तुझं, पारडं इतकं जड आहे, एवढंच. त्याला तुझी गाडी ठाऊक नाही, सहा फेऱ्यांचा शीण ठाऊक नाही, आणि त्या जिंकण्यासाठी लागणाऱ्या चाली तुला दिसतात की नाही हेही ठाऊक नाही. मी तुझी ती स्थिती मांडली. जिंकायला रस्ता आहे, पण अरुंद आहे. आधी राजा पुढे न्यायचा, मोकळ्या प्याद्याला हात लावायचा नाही, आणि हत्ती त्या प्याद्याच्या मागे उभा करायचा. पहिल्या दोन चालींत प्यादं ढकललंस, तर त्याचा हत्ती मागून शह देत राहतो आणि डाव बरोबरीतच जातो. हत्तींचे शेवट असेच असतात. एक प्यादं वर असूनही ते निसटतात, भल्याभल्यांचे निसटतात.

तेव्हा ‘जिंकलेला डाव सोडला’ हे इंजिनच्या तोंडचं वाक्य आहे. तुझं वाक्य काय, ते शोधायला एक काम कर. मोबाइल बाजूला ठेव. ३८व्या चालीनंतरची स्थिती खऱ्या पटावर मांड. तू तुझी बाजू घे, गुरुजींना समोरची घ्यायला सांग. घड्याळात तुझी २१ मिनिटं लाव, त्यांची ६, आणि दर चालीला ३० सेकंद वाढीव. असे दहा डाव खेळा, एका दिवशी एक. चाली लिहा. दहा संपल्यावरच इंजिन उघडा. दहातले सात-आठ जिंकलास, तर पुढच्या वेळी अशा स्थितीत हात मिळवायचा नाही हे तुझ्या बोटांनाच कळलेलं असेल. तीनच जिंकलास आणि दोन हरलास, तर त्या दिवशीचा अर्धा गुण तुझ्या तेव्हाच्या ताकदीला बरोबर होता, असं निवांत मनानं म्हण. दोन्ही उत्तरं तुझ्या उपयोगाची आहेत. आज तुझ्याकडे दोन्हीपैकी एकही नाही, म्हणून तू तळमळतोस.

त्याच्या जोडीला हत्ती आणि एक प्यादं विरुद्ध हत्ती, या शेवटाच्या दोन मूळ स्थिती पाठ कर. फिलिडोरची, म्हणजे कमी असलेल्यानं हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या ओळीवर धरून डाव कसा वाचवायचा. आणि ल्युसेनाची, म्हणजे जास्त असलेल्यानं हत्तीचा पूल बांधून प्यादं कसं पार करायचं. तुझ्या सुरुवातीच्या बारा चाली चांगल्या पाठ आहेत, ते डावात दिसतं. शेवट कच्चा आहे. गावात शिकलेल्या बहुतेकांचा असाच असतो, आणि त्याचं कारण साधं आहे : ओसरीवर वजीर गेला की लोक डाव मोडतात आणि नवा मांडतात. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर हे शेवट फुकट सरावाला मिळतात, नेट थोडं असलं तरी चालतं.

तुझ्यासारख्या इतरांसाठीही सांगते. वरच्या रेटिंगच्या खेळाडूकडून बरोबरीचा शब्द आला, की आधी हात टेबलाखाली घ्या. स्कोअरशीटवर त्या चालीपुढे बरोबरीचं चिन्ह लिहा. तसा नियमच आहे, आणि लिहिण्यात मनाला दोन क्षण मिळतात. मग स्वतःला एकच विचारा : हा आत्ताच का मागतोय? घड्याळाकडे बघा, त्याच्या राजाकडे बघा, तुमच्या पुढच्या चालीनं त्याचं काय बिघडतं ते बघा. उत्तर सापडलं नाही, तर बरोबरी घ्या, त्यात काही कमीपणा नाही. उत्तर सापडलं, तर काही बोलायची गरज नाही, चाल करा, तोच नकार. तो पुन्हा पुन्हा मागून त्रास देत असेल, तर घड्याळ थांबवून पंचांना बोलवा. आणि खालच्या रेटिंगच्यानं वरच्याकडे बरोबरी मागणं हा उद्धटपणा असतो, असं बऱ्याच पोरींना आणि पोरांना वाटतं. तसा कुठलाही नियम नाही. काही स्पर्धांत ठरावीक चालींच्या आत आपसांत बरोबरी करता येत नाही, ते मात्र माहितीपत्रकात आधी वाचून ठेवा.

गुरुजी, तुम्ही हे वाचत असाल तर दोन शब्द तुमच्यासाठी. तुमच्या शिष्यानं लिहिलं आहे की जिल्हा परिषदेच्या शाळेत खडूनं फरशीवर पट आखून तुम्ही त्याला शिकवलंत, आधी देशी पद्धतीनं, प्यादं एकच घर चालवून. ज्या हातांनी हे केलं, त्या तोंडून आलेला ‘तुकडा’ हा शब्द त्याला किती लागला असेल, ते त्याच्या अक्षरावरून दिसतं. तुमचा राग मला समजतो. वयाच्या विशीत तुम्हाला २०००च्या खेळाडूसमोर बसायची संधी मिळाली असती, तर तुम्ही उठला नसता. पण पारावरच्या खेळात डाव मात होईपर्यंतच चालतो, बरोबरी म्हणजे न झालेला डाव. स्पर्धेत तो झालेला डाव असतो, त्याचे गुण असतात. मार्च २००४ मध्ये आइसलँडमधल्या रेक्याविकच्या रॅपिड (जलद डावांच्या) स्पर्धेत, पुढे जगज्जेता झालेल्या पण तेव्हा १३ वर्षांच्या मॅग्नस कार्लसननं कास्पारोवशी बरोबरी केली. कास्पारोव तेव्हा जगात पहिला. पोराची स्थिती वरचढ होती, डाव निसटला. पुढचा डाव तो हरलाही. पण त्याला तुकडा मिळाला असं कुणी म्हटलं नाही. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं बघा. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषकाची अंतिम लढत, समोर अनुभवानं आणि रेटिंगनं वरची कोनेरू हम्पी. चार डाव झाले, त्यातले तीन बरोबरीत सुटले. चौथा दिव्यानं जिंकला, विश्वचषक घेतला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. ते तीन अर्धे गुण नसते, तर चौथ्या डावाला अर्थच नव्हता. तुम्ही त्याच्याबरोबर ते दहा डाव खेळा, गुरुजी. आणि बचाव जोरात करा, सोडू नका त्याला.

आता गावाचं.

यात मी दोन्ही बाजू तोलत बसणार नाही. २६ जानेवारीच्या आधी सांग. फ्लेक्सवर ‘मात’ लिहिलं आहे आणि मात झालेली नाही. त्यावर समोरच्या खेळाडूचं नाव असेल, तर गोष्ट आणखी गंभीर आहे. तो जे हरला नाही ते आपण गावभर लावलं आहे, आणि आज फोटो कुठून कुठे जातो ते तुला ठाऊक आहे. ज्यानं उठताना तुझ्या पाठीवर थाप मारली, त्याच्याशी असं वागायचं नसतं.

पण मित्रांना व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तोंडघशी पाडू नकोस. त्यांनी वर्गणी काढून तो फ्लेक्स केला, तुझ्यावरच्या प्रेमानं केला. संध्याकाळी दोघातिघांना थांब्यावर गाठ आणि सांग, ‘भाऊ, शब्द बदलावा लागते. मी जितलो नाई, बरोबरीत सुटला डाव.’ ‘मात’च्या जागी ‘बरोबरीत रोखलं’ अशी पट्टी चिकटवली की काम झालं. नवा फ्लेक्स छापायची गरज नाही. हे शब्द छोटे आहेत असं वाटून घेऊ नकोस. २०४७ला १६५२नं बरोबरीत रोखणं ही वर्तमानपत्रात छापण्याजोगी बातमी असते.

‘गावाला बरोबरी कळणार नाही’ असं तू लिहितोस. मला उलट वाटतं. तुमच्याकडे जत्रेत दंगल होत असेल. बाहेरचा नावाजलेला पैलवान आणि गावचं पोरगं, अर्धा तास कुस्ती चालली आणि पंचांनी दोघांचे हात वर केले, तर गाव काय करतं? त्या पोराला खांद्यावर घेतं. बरोबरीची कुस्ती म्हणजे काय हे गावाला समजावून सांगावं लागत नाही. सरपंचांना आधी भेटून हे सांगून ठेव, म्हणजे भाषणात त्यांच्या तोंडून चुकीचा शब्द जाणार नाही. आणि सत्कार नाकारू नकोस. माइक हातात आला की सरळ सांग : ‘मी जिंकलो नाही. माझ्यापेक्षा ३९५ गुणांनी वरच्या खेळाडूला मला हरवता आलं नाही, आणि मलाही त्याला हरवता आलं नाही. मला इथपर्यंत गुरुजींनी आणलं.’ बस्स. शाळेतली पोरं समोर बसलेली असतील, त्यांच्यासाठी एवढं पुरे आहे.

वडिलांचा प्रश्न मला फार आवडला. ‘बरोबरी म्हणजे लागवडीचा खर्च तरी निघाला ना?’ असं त्यांनी विचारलं आणि तू गप्प राहिलास. का राहिलास? त्यांना वही घेऊन हिशेब दाखव. अंदाज ८ पैशांचा होता, हाती ५० आले. रेटिंगमध्ये किमान ८.४ गुण वाढले. फिडेच्या यादीत तू नवा असशील आणि तुझे अजून ३० डाव झाले नसतील, तर गुणक ४० लागतो आणि वाढ १६.८ होते. ज्या माणसानं आयुष्यभर पावसाचा अंदाज आणि हाती आलेलं पीक यांचा ताळा घातला, त्याला हे तुझ्या वर्गातल्या कुणाहीपेक्षा लवकर कळेल.

राहिला पुढे खेळण्याचा प्रश्न. बुद्धिबळावर पोट भरेल असं मी तुला सांगणार नाही. २०व्या वर्षी १६५२वरून ते गणित बसवणं कठीण आहे, आणि घरच्या पाच एकरांवर तो भार टाकू नये. भरतीची तयारी कर, मनापासून कर. सकाळी धावायचं आणि रात्री एक तास पट मांडायचा, यात भांडण कुठे आहे? खेळ सोडायचाच असेल, तर कंटाळा आला म्हणून सोड, वेळ नाही म्हणून सोड. एका अर्ध्या गुणाच्या लाजेनं सोडू नकोस.

खर्च मात्र आखून कर. वर्षाला दोनच स्पर्धा, उलंगवाडी झाल्यापासून पेरणीपर्यंतच्या काळातल्या. तेव्हा वावरातही फार अडत नाही आणि सुट्यांमुळे स्पर्धाही भरपूर असतात. एकटा जाऊ नकोस. तालुक्यातले तिघं-चौघं मिळून खोली घ्या. काही ठिकाणी आयोजक मुक्कामाची सोय करतात, फोन करून विचारायला लाजू नका. अर्ज भरण्याआधी शेवटच्या फेरीची वेळ विचार आणि रविवारची रात्र तिथंच काढायची, असं घरी आधी सांगून ठेव. सोमवारी पहाटेच्या गाडीनं ये. पहिल्याच दिवशी पोचायला उशीर होणार असेल, तर सुरुवातीच्या फेरीला अर्ध्या गुणाचा बाय, म्हणजे न खेळता अर्धा गुण, मिळतो का, ते पंचांना आधीच विचार. पुष्कळ खुल्या स्पर्धांत मिळतो. दोन स्पर्धा कमी खेळल्या तरी चालेल, पण जी खेळशील तिथं घड्याळ फक्त टेबलावरचंच असू दे.

आणि ज्यानं पाठीवर थाप मारली, त्याला एक निरोप पाठव. त्याचा नंबर आयोजकांकडून मिळेल. ‘आपल्या डावाचा शेवट मी पुन्हा खेळून पाहतोय, तुम्हाला तेव्हा काय दिसत होतं?’ एवढंच विचार. चांगला खेळाडू असेल तर सांगेल. मला तरी त्याच्या त्या दोन शब्दांत दया दिसली नाही.

तुझी स्थिती माझ्या पटावर अजून मांडलेलीच आहे. गुरुजींबरोबरचे दहा डाव झाले की चाली लिहून पाठव. ३९व्या चालीला तू राजा हलवतोस की प्यादं, ते मला बघायचं आहे.

तुझी,
ताई